ही बाजू आकाशाकडे

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही वस्तू जुनी होऊ दिली नाही. त्यांच्या घरात म्हातारी झाली ती फक्त माणसं. बाकी फ्रीज, सोफा, घड्याळ, पंखे, स्कूटर, अगदी देवघरातला विजेचा दिवासुद्धा, दुकानातून आला तसाच्या तसा, दुकानाच्याच पन्नीत. पन्नी म्हणजे प्लास्टिकचं वेष्टण. हा शब्द मी जबलपूरला बदली होऊन आल्यावर शिकले, आणि घरमालकांच्या तोंडून तो इतका ऐकला की साताऱ्याला आईशी फोनवर बोलताना माझ्याही तोंडून निसटायला लागला. जबलपूरच्या चेरीताल भागातल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला तेव्हा परमुलखात मराठी घरमालक मिळाला म्हणून मी फार खूश होते. पहिल्याच दिवशी ते जिना चढून आले, हात जोडले आणि म्हणाले, "मॅडम, भिंतीले खिळा नका ठोकू हो. भिंत नवी आहे." ती भिंत त्यांच्या मुलीच्या बारशाच्या वेळची होती आणि मुलगी आता नागपूरला दोन मुलांची आई होती.

मी त्यांना काका म्हणायला लागले, कारण सगळी गल्लीच म्हणत होती. काकांच्या फ्रीजच्या दारावरच्या निळ्या पन्नीला जागोजागी फुगे आले होते, पण ती काढायची नाही. टीव्हीच्या रिमोटवर पन्नी, आणि तिच्यावर आणखी एक पन्नी, त्यामुळे बटणं दिसत नसत. अंदाजाने दाबायचं आणि जे लागेल ते घरातल्यांनी पाहायचं. पंख्याची पातीसुद्धा त्यांनी पन्नीतून काढलेली नव्हती. पंखा लावला की वारा कमी आणि चिवड्याची पिशवी उघडल्यासारखा आवाज जास्त. चष्म्याच्या काचेवर कोपऱ्यात दुकानाचं लेबल तसंच, त्यामुळे डावीकडून येणारं वाहन त्यांना जरा उशिरा दिसे. एकदा भर पावसात ते भाजीबाजारातून निथळत येताना दिसले, छत्री तिच्या पिशवीत, पिशवी बगलेत. मी ओरडले, "काका, छत्री उघडा ना!" तर म्हणाले, "नवी आहे, मॅडम. पाऊस काय, थांबेलच ना."

त्यांना कंजूष म्हणावं तर तसंही नव्हतं. जे घेत ते उत्तमातलं घेत. मला ताप आला होता तेव्हा हाच माणूस सकाळ-संध्याकाळ जिना चढून डबा पोचवत होता, आणि तापातून उठल्यावर खव्याची गरम जलेबी घेऊन आला होता. पण वस्तू वापरायला काढायची म्हटलं की त्यांचा हात आखडत असे. एका सरकारी कारखान्यात, पॅकिंग खात्यात, त्यांची सगळी नोकरी गेली होती. पॅक झालं ते सुरक्षित, उघडलं ते गेलं, हा त्यांचा धर्म होता. उघडायचा एक दिवस ठरलेला असे, त्याला ते 'चांगला दिवस' म्हणत. मुलीच्या लग्नात आलेला काचेचा डिनर सेट चांगल्या दिवशी काढायचा होता. काकूंच्या साड्या चांगल्या दिवशी नेसायच्या होत्या. काकू म्हणत, "माह्या लग्नात यांचं चाललं असतं ना, तर मलेही पन्नीतच ठेवलं असतं. एक पोरगी झाली हेच नशीब." आणि काका गालातल्या गालात हसत.

काकूंना मी पहिल्यापासून पलंगावरच पाहिलं. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. जीभ थोडी जड झाली होती, पण तिखटपणा शाबूत होता. मान वळत नसे. उताणं निजून वर पाहायचं, एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं. म्हणून सकाळ झाली की काका आणि शेजारची बाई मिळून त्यांचा पलंग आतल्या खोलीतून आंगणात आणत. आंगण घराच्या मधोमध, वरून उघडं, आणि माझी गॅलरी त्याच्यावर आलेली. कपडे वाळत घालायची माझी दोरी नेमकी काकूंच्या पलंगाच्या वर. सकाळी मी बादली घेऊन बाहेर आले की खालून आवाज येई, "काय केलं भाजीले आज?" मी वांगी म्हटलं तर "काहून? कालच तर केली होती," आणि कपड्यांवरही त्यांची नजर असे. "तो लाल टॉवेल मस्त हालते पोरी. त्याले तिथंच घालत जा." माझ्या बँकेतल्या कुणालाही माझ्या भाजीशी आणि टॉवेलशी देणंघेणं नव्हतं. या बाईला होतं. नवऱ्याला पुण्यात सोडून एकटी राहणाऱ्या मला त्या चौकशीनं किती आधार दिला हे मी इथं उगाच आडून सांगत बसणार नाही. फार दिला.

पण उघड्या आंगणाचे तापही असतात. आमच्या गल्लीत माकडांचा सुळसुळाट. एके दिवशी एक दांडगं माकड थेट पलंगाच्या पायथ्याशी उतरलं आणि काकूंच्या उशाचं केळं घेऊन तिथंच आरामात बसून खाऊन गेलं. काका काठी घेऊन धावले तोवर ते भिंतीवर. काका थरथरत होते आणि काकू हसत होत्या. "साल काढून खाल्लं त्यानं," त्या मला सांगत होत्या. "या घरात कोणीतरी साल काढणारं आलं बापा एकदाचं." इथवर हसण्यावारी निभावलं. मग हिवाळ्यात एका दुपारी अवचित गारांचा पाऊस आला. काका औषधं आणायला गेले होते, मी बँकेत. शेजारची बाई धावत येऊन पलंग आत ओढेपर्यंत काकू चिंब भिजल्या होत्या, आणि कपाळावर गारेचं टेंगूळ आलं होतं. न्यूमोनिया झाला. दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की आता उघड्यावर अजिबात नाही, आणि तसंही फार दिवस धरून चालू नका. काकांनी पहिलं वाक्य सगळ्यांना सांगितलं. दुसरं फक्त मला सांगितलं, जिन्यात, माझ्याकडे न बघता.

काकूंना आतल्या खोलीत ठेवलं. त्या खोलीला खिडकी होती, पण ती मानेच्या मागे. दोन दिवसांत काकूंचं बोलणं जवळजवळ बंद झालं. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "यांना सांग, मले इथं नका ठेवू. इथं वर पाहिलं का छत. छताले पंखा. पंख्याले पन्नी. उजेडात मरू द्या म्हणा मले." काका दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की आंगणावर छप्पर घालायचं, पण टिनाचं नाही, उजेड येईल असं. बाजारात कुणीतरी त्यांना पॉलिकार्बोनेटचं नाव सांगितलं होतं. काचेसारखं आरपार आणि दगड मारला तरी फुटत नाही असं. "म्हणजे गारही नाही अन् बंदरही नाही," काका म्हणाले, "अन् आभाळ पुरंच्या पुरं."

मग जी निवड सुरू झाली, तशी मुलीसाठी स्थळ शोधतानाही त्यांनी केली नसेल. दुकानातून निळा, हिरवा, दुधी, पारदर्शक असे तुकडे आणले. काकूंचा पलंग आंगणात मांडला, स्वतः त्यावर उताणे निजले, हात छातीवर, आणि मला गॅलरीतून एकेक तुकडा खाली धरायला लावला. "थोडा डावीकडे, मॅडम. हां. आता ढग येऊ द्या." ढग येईपर्यंत मी हात लांब करून उभी. मग काकूंना पलंगासकट बाहेर आणून त्यांच्या चेहऱ्यावर प्रत्येक रंगाचा उजेड पाडून झाला. निळ्याखाली काका बराच वेळ बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "नको. यात तू आजारी दिसून राहिली." काकू म्हणाल्या, "मी आहेच आजारी." काका म्हणाले, "हिरवा भी नको." शेवटी बिनरंगाचा ठरला.

होळीच्या आधी फिटर आला. लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा राहिला, माझ्या गॅलरीच्या कठड्याच्या जरा खाली, पाणी वाहून जाईल असा उतरता. पत्रे आले आणि मी गॅलरीतून बघते तो काय, त्या पत्र्यांना दोन्ही बाजूंनी पन्नी! मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. खालच्या बाजूची साधी पन्नी फिटरने पत्रा कापतानाच ओढून टाकली. काका ओरडेपर्यंत उशीर झाला होता. वरच्या बाजूची मात्र जाड, दुधी रंगाची, आणि तिच्यावर निळ्या इंग्रजी अक्षरांत ओळीनं एकच वाक्य पुन्हा पुन्हा छापलेलं: ही बाजू आकाशाकडे. त्याखाली बारीक अक्षरांत: बसवल्याबरोबर हे आवरण काढून टाकावे. शेवटचा स्क्रू बसल्यावर फिटरने विचारलं, "बाबूजी, ये पन्नी निकाल दें?"

"अरे नहीं नहीं, भैया," काका खालून म्हणाले. "रहने दो. स्क्रॅच पड जाएँगे."

त्याचं काम वाचलं. तो खुशीत गेला. मी वरून म्हटलं, "काका, त्याच्यावर लिहिलंय, ताबडतोब काढा म्हणून." काका म्हणाले, "ते लिहितातच, मॅडम. सोफ्यावर भी लिहिलं होतं."

पलंग बाहेर आला. काकूंनी वर पाहिलं. आभाळाच्या जागी ताकासारखा पांढुरका उजेड आणि त्यात निळी अक्षरं, खालून पाहताना उलटी. माझी दोरी नाही, टॉवेल नाही, मी म्हणजे नुसती एक हलणारी सावली. "काय लिहिलं आहे ते?" त्यांनी विचारलं. मी गॅलरीतूनच मोठ्याने वाचून दाखवलं. खालून आवाज आला, "अच्छा. म्हणजे आभाळ तुह्या बाजूनं आहे."

होळीचे रंग उडतील म्हणून होळीनंतर काढायचं ठरलं. होळी झाली. मग आंधी सुरू होईल, धुळीनं ओरखडे येतील, म्हणून आंधीनंतर. मग मुलगी सुट्टीत येणार होती, आता तिच्यासमोरच काढू, घर कसं चकाचक दिसेल. मुलीच्या मुलांच्या परीक्षा लांबल्या, येणं लांबलं. ऊन तापायला लागलं तसं काका म्हणायला लागले की पन्नीनं ऊन कमी लागते, बरंच आहे ना. ते खोटंही नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त चीड येई. रोज सकाळी मी कपडे वाळत घालायला बाहेर यायची. खालून "काय केलं भाजीले" हा प्रश्न यायचा, पण प्रत्येक आठवड्याला जरा बारीक आवाजात. एक दिवस आलाच नाही. मी वाकून वाकून बघितलं, त्या पांढऱ्या पडद्याखाली काकू जाग्या आहेत की झोपल्या आहेत तेसुद्धा कळेना.

त्या दिवशी बँकेतून आले ती सरळ काकांकडे गेले आणि भांडले. आवाज चढवून भांडले. म्हटलं, "काका, त्या बाईला मान वळवता येत नाही. वर जे आहे तेवढंच तिला आहे. आणि तिथं तुम्ही जाहिरात लावून ठेवली आहे. कुठला चांगला दिवस यायचाय आता?"

काका पन्नी घातलेल्या सोफ्यावर बसले होते. हलले की सोफा करकरत होता, म्हणून न हलता बसले होते. म्हणाले, "मॅडम, पन्नी काढली का वस्तू वापरात आली. वापरात आली का संपते. मी जिंदगीभर पाहिलं आहे." मग सोफ्याच्या पन्नीवरून हात फिरवत म्हणाले, "मले अजून काही संपवायचं नाही."

माझा राग गेला नाही. मी वर निघून आले आणि ताटावर बसले ती तशीच उठले.

काढायला शेवटी काकूंनीच लावलं. मुलीचा फोन आला होता की पुढच्या महिन्यात नक्की येते. फोन ठेवल्यावर काकू नवऱ्याला म्हणाल्या, आणि मी तिथंच बसले होते म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं, "तिची वाट नका पाहू. काढा आता. मले दिसत नाही काही." विनवणी नव्हती आणि टोमणाही नव्हता. टोमणा नाही म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला. त्या माणसाने दुसऱ्या दिवशी उजाडताच शिडी लावली.

पण जबलपूरच्या उन्हाळ्यानं तोवर आपलं काम केलेलं होतं. पन्नीचा डिंक तापून तापून पत्र्याला असा घट्ट बसला होता की पन्नी आणि पत्रा वेगळे राहिलेच नव्हते. काकांनी कोपरा धरून ओढला तर नखाएवढा तुकडा हातात आला आणि बाकीचं जागच्या जागी. पुन्हा ओढलं, पुन्हा तेवढंच. घासलेट लावावं तर पत्र्याला तडे जातील म्हणून दुकानदारानं फोनवर सांगितलं. फिटर फोन उचलेना. मग गरम पाण्याचं फडकं ठेवायचं, डिंक मऊ झाला की नखानं खरवडायचं, एवढाच उपाय उरला. सांगाड्यावर आडवी फळी टाकून काका तिच्यावर पालथे झोपले आणि बरोबर काकूंच्या चेहऱ्यावरच्या जागेपासून सुरुवात केली. मी गॅलरीतून गरम पाण्याचे तांबे देत होते. खाली उतरा, या वयात पडाल, असं शेजारीपाजारी सांगून दमले. मी बँकेत जाताना ते फळीवर होते आणि परत आले तेव्हाही फळीवरच. नखं फुटून बोटांना चिंध्या बांधलेल्या. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पन्नीला नख लागू दिलं नव्हतं, तो नखानं पन्नी उकरत होता. त्यात हसण्यासारखं होतं हे मला कळत होतं. हसू काही आलं नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा पोळपाटाएवढा तुकडा साफ झाला. काकांनी तो ओल्या फडक्यानं पुसला, मग स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं पुसला, आणि त्यातून खाली पाहिलं. काकू वर पाहत होत्या. घामाघूम, चष्म्यावर लेबल, नाकाचं टोक पत्र्याला टेकलेलं, असा तो म्हातारा आणि मागे आभाळ.

काकू म्हणाल्या, "आता दिसले तुम्ही."

काका खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या बाकीचं करतो."

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "इतकं पुरे झालं." मग लगेच, "बाजूले सरका ना. आभाळ पाहू द्या." काका फळीवर सरकले. मी पटकन आत जाऊन लाल टॉवेल ओला करून आणला आणि दोरीवर घातला.

बाकीचं करायला वेळ मिळाला नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी काकू त्या तुकड्याकडे डोळे लावून गेल्या. डोळे काकांनीच मिटले. मुलगी धावतपळत पोचली ती रडतच, आणि सवाष्ण गेलेली, हिरवी साडी हवी म्हणून बायकांनी काकूंची पेटी उघडली. पेटी भरून साड्या, एकूण एक पन्नीत, घडी न मोडलेल्या. त्यातल्या कितीतरी मुलीनंच आईला घेतलेल्या. ती एकेक साडी हातात घेऊन बघत होती. काका पुढे आले, हिरवी साडी उचलली आणि पन्नी स्वतः काढली. नंतर सवयीनं ती पन्नी गुडघ्यावर ठेवून सपाट केली, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवायला गेले. तिथं त्यांचा हात थांबला. पन्नीकडे पाहून ते इतक्या मोठ्यानं रडले की बाहेर उभी असलेली गल्ली गप्प झाली.

याला आता काही महिने झाले. पत्र्याचं बाकीचं छत अजून तसंच आहे, पांढुरकं, निळ्या अक्षरांचं, कडांना पिवळं पडत चाललेलं. काकांनी त्याला पुन्हा हात लावलेला नाही. फ्रीज, सोफा सगळं अजून पन्नीतच आहे. माणूस एका दिवसात बदलतो यावर माझा विश्वास नाही. पण परवा पाऊस असताना ते भाजीला निघाले, फाटकाशी थांबले, छत्री पिशवीतून बाहेर काढली आणि उघडून गेले. मी गॅलरीतून पाहत होते. मला फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

दुपारी ते काकूंच्या पलंगावर निजतात, आंगणातच, त्याच जागी. एका रविवारी मी कपडे काढायला बाहेर आले तर त्या पोळपाटाएवढ्या तुकड्यातून त्यांचे उघडे डोळे माझ्याकडे लागलेले. मी दचकले. त्यांनी खालून विचारलं, "काय केलं मॅडम भाजीले?" इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "दोडका." ते "अच्छा" म्हणाले. मी दोरीवरचे कपडे गोळा करायला लागले तसा पुन्हा आवाज आला, "तो लाल टॉवेल राहू द्या ना, मॅडम."

"वाळलाय काका तो."

"राहू द्या तरी. हालून राहिला."

तेव्हापासून धुवायला काही असो नसो, सकाळी बँकेत जायच्या आधी मी तो टॉवेल ओला करते आणि दोरीवर घालून जाते.